फौजदाराला हाक

"एकच पंखा, आणि तोपण पाहुण्याच्याच टाळक्यावर. आमी काय सुकी मासळी हाव, उनात वाळत घालायला?" वासंतीवैनी सगुणेच्या कानाशी पुटपुटली आणि पदराने मान पुसू लागली.

सगुणेला हसू आलं. हसू आलं म्हणून मग वाईटही वाटलं. थोरल्या जावेला जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि आपल्याला अजून हसू येतं, हे तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

भेलवाडीच्या देवळाचा सभामंडप भरला होता. देवळाच्या पायऱ्या उतरल्या की थेट घाट, आणि घाटाला टेकून वाशिष्ठीची खाडी. दुपारची भरती लागली होती. सगुणेला आज खुर्ची मिळाली होती, तीही पुढच्या रांगेत. उभ्या जन्मात गावाच्या सभेत तिला खुर्ची मिळाली नव्हती. आज मिळाली, कारण तिच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरं बँडेज होतं आणि पाहुण्याला ते सगळ्यांना दिसायला हवं होतं.

पाहुणा पुण्याचा. सुजय नाव, परदेशी शिकाऱ्यांचे दौरे जमवून देणारा. पोरगा गोड बोलणारा, खिशाखिशांची पँट घातलेला. महिपतने त्याला आणला होता. महिपत म्हणजे वाडीतल्या मगर दाखवणाऱ्या बोटवाल्यांचा म्होरक्या. मुंबई-पुण्याची माणसं चिपळुणातून गाड्या वळवून यायची, दीड तास बोटीत बसायची आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरींचे फोटो काढून जायची. वाडीतल्या दर दुसऱ्या घराची चूल त्यावर पेटायची. सगुणेचीसुद्धा.

"मी स्पष्टच बोलतो," सुजय म्हणाला. "मगर मारणं आज आपल्याकडे गुन्हा आहे. पण काही देशांत रीतसर परवानगी आहे. वर्षाला एक मगर. पिल्लं नाहीत, माद्या नाहीत. फक्त एखादा म्हातारा, मोठा नर. बाहेरून शिकारी येतो, फी भरतो, मारतो, आणि ती फी गावाला. तिच्यातून घाटाला कुंपण घाला, दवाखाना काढा. गाव मगरींना शत्रू मानत नाही, मगरीही टिकतात. तुमचा ठराव आधी सरकारकडे जाऊ दे. कायदे माणसंच बदलतात."

"आणि मुंडकं?" वासंतीवैनीने विचारलं.

"ते शिकारी घेऊन जातो. भिंतीवर लावतात."

"म्हणजे मुंडकं त्याचं, नि उरलेल्याचं आमी काय सांबारं करायचं?"

हशा पिकला. सुजयही हसला. चांगला पोरगा होता, त्याचा राग धरता येत नव्हता, हीच पंचाईत. फक्त म्हाताऱ्यांचा आता तसा उपयोग नसतो, असं तो जे मधूनमधून म्हणत होता, ते पंचावन्न वर्षांच्या सगुणेला फारसं रुचलं नव्हतं.

तिची नजर खांबाशी उभ्या असलेल्या दर्शनकडे गेली. दर्शन तिच्या थोरल्या जावेचा, आनंदीबाईचा मुलगा. सगुणेला स्वतःचं मूल झालं नाही. दर्शन झाला तेव्हा आनंदीबाईने बाळंतिणीच्या खाटेवरूनच सांगितलं होतं, "रडू नको गो. अर्धा तुझा." आणि ते तिने पाळलं. पहिला दात सगुणेने पाहिला, शाळेत पहिल्या दिवशी सगुणेने सोडला. आता अठ्ठावीस वर्षांचा तो गडी तीन आठवड्यांत वाळून काथ्या झाला होता. डोळे सतत खाडीवर. हातात पहार असल्यासारख्या मुठी वळलेल्या.

दर्शनला एकच पाहिजे होतं: फौजदार मेलेला.

फौजदार म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा मगर. नाव बोटवाल्यांनीच ठेवलेलं. बोट येताना दिसली की तो काठावरून तपासायला आल्यासारखा पाण्यात उतरायचा, म्हणून फौजदार.

*

त्या दिवशी सकाळी सुकती होती, खाडीचं पाणी उतरलेलं. दोघी जावा पोफळीचं पाणी सुटायच्या आत परतायचं असं ठरवून तिसऱ्या शिंपल्या काढायला चिखलात उतरल्या होत्या. पोफळीच्या वीजघरातलं पाणी सुटलं की खाडी पुन्हा चढते, भरती असो नसो, हे इथल्या बायकांना शाळा न शिकता पाठ. आनंदीबाईच्या मनगटावर दर्शनने बोटीच्या पहिल्या हंगामात घेऊन दिलेलं घड्याळ होतं. ती ते चिखलातही काढत नसे. "पोराने वेळ दिलीय, ती हातात ठेवीन," म्हणायची.

घमेलं तिसऱ्यांनी नि चिखलाने भरलं, तशी ती उठली आणि दगडावर ते आपटायला लागली. चिखल झडतो, शिंपले राहतात. तिची आपटायची एक ढब होती. तीन सावकाश, दोन भराभर. ठण्, ठण्, ठण्. ठण्ठण्. लग्न होऊन आली तेव्हापासून सगुणा तो आवाज ऐकत होती. धुक्यात जाऊ कुठे आहे ते त्यावरून कळायचं.

पाणी हललं नाही. बुडबुडा आला नाही. गुडघाभर पाण्यातून एक काळा ओंडका वर आला आणि आनंदीबाईच्या मांडीला चिकटला.

ती किंचाळली नाही. कुणी पदर ओढावा तशी वैतागून मागे वळली. मग तिचं तोंड उघडं राहिलं. सगुणेने धाव घेतली आणि तिचा हात धरला, घड्याळाचा. मगरीने अंग फिरवलं. आनंदीबाईचा देह पाण्यात गरकन फिरला आणि सगुणेच्या हातातल्या हाताने सुकं लाकूड मोडावं तसा आवाज केला. सगुणेने कोयती उचलून त्या थोबाडावर मारली. एकदा, दोनदा, पाचदा. कोयती दगडावर मारल्यासारखी उसळत होती. जबडा क्षणभर सुटला आणि तिच्याच हातावर येऊन मिटला. दात आत जाताना दुखलं नाही, फक्त गार लागलं. पाणी लाल झालं आणि लाल पाण्यातून आनंदीबाईचं तोंड एकदा वर आलं.

"सोड गो, सगुणे," ती म्हणाली. "तुझा हात जाईल."

सगुणेने सोडला नव्हता. निसटला होता. हे ती एकवीस दिवस स्वतःला रोज सांगत होती.

दुसऱ्या दिवशी कांदळवनाच्या मुळांत अडकलेली आनंदीबाई मिळाली. सगळी नाही. घड्याळाचा हात नव्हता.

*

चौथ्या दिवशी वाडीतले बारा गडी पहारी, कोयते आणि जाळं घेऊन होडीत बसले. वनखात्याला कळवायचं नाही, असं ठरलं होतं. सगुणा टाके घातलेला हात गळ्यात अडकवून घाटावर उभी राहिली आणि तिने सगळं पाहिलं.

पलीकडच्या वाळूवर एक मगर पडली होती. फौजदार नव्हता, त्याच्या निम्मी होती. पण रागाला माप नसतं. जाळं पडलं, ती उसळली. तिच्या शेपटीच्या एका फटक्याने एकाची नडगी मोडली. तो वाळूत पडून बोंबलत होता आणि बाकीचे त्याला ओलांडून मारत होते. दर्शनने पहार तिच्या डोळ्यात घातली आणि सगळं वजन टाकून दाबली. ती मेली नाही. कोयत्यांनी मान तोडायला घेतली, तर कातडं तुटेना. अर्धा तास चाललं होतं. शेवटी शेवटी ती नुसती लहान पोरासारखी सुस्कारे टाकत होती आणि तरी मारणं थांबत नव्हतं. दर्शन तोंडाने काहीतरी बोलत होता. पाण्यावरून आवाज लांब जातो. "आईचं घड्याळ दे," म्हणत होता. "घड्याळ दे माझ्या आईचं."

पोट फाडलं तेव्हा घड्याळ नव्हतं. अंडी होती. पांढरी, ओली, तीस-पस्तीस, वाळूवर गडगडत गेली. आणि अंड्यांच्या वर, आतड्यात, एक काळी पिशवी होती. सुतळीने बांधलेली. पिशवी फाटली होती आणि तिच्यातून कोंबडीचे पिवळे पाय बाहेर आले होते.

बारा जण त्या पिशवीकडे बघत राहिले. सुतळीची गाठ बोटवाल्याची होती. ती गाठ सगळ्यांना येत होती.

महिपतने चपलेने पिशवी चिखलात दाबली. "हिनं नाय खाल्ली," तो म्हणाला. "पुरा तिला."

पुरली. त्यानंतर वाडीत सगळ्यावर बोलणं झालं. मगरीच्या जातीवर, वनखात्यावर, आनंदीबाईच्या नशिबावर. पिशवीबद्दल कुणी बोललं नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईची माणसं दीड तास बोटीत बसली आणि मगर दिसली नाही, की चिडतात. पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून बोटवाल्यांनी चिकनवाल्यांकडचे पाय, मुंडकी, आतडी आणायला सुरुवात केली होती. पिशवीत बांधायची, पाण्यात टाकायची. पण मगर वेळेवर यायला हवी. त्यावर युक्ती काढली ती दर्शनने. तेलाचा रिकामा डबा बोटीच्या कडेला लोखंडी सळईने वाजवायचा, मग पिशवी टाकायची. रोज. दोन हंगाम. फौजदार असा शिकला, की डब्याच्या दुसऱ्या आवाजाला डोकं वर काढायचा. पर्यटक टाळ्या वाजवायचे. दर्शनची बोट सगळ्यात आधी भरायची.

आणि दर्शन डबा वाजवायचा तो तीन सावकाश, दोन भराभर.

त्याने तो ताल मुद्दाम निवडला नव्हता. दोन वर्षांचा असल्यापासून चिखलात आईजवळ बसून त्याने तेवढंच ऐकलं होतं. हाताला आलं ते वाजलं. हे एकट्या सगुणेला कळलं होतं, दवाखान्यात टाके पडताना. ती तेव्हा ओरडली, ते डॉक्टरला वाटलं सुईमुळे.

सांगितलं तर दर्शन जगेल का, हे तिला माहीत नव्हतं. एक जाऊ गेली. अर्ध्या मुलातला अर्धा तरी आपल्याला राहू दे, म्हणून ती गप्प होती. आणि गप्प राहिलं तर बोटी पुन्हा सुरू होणार होत्या, डबे वाजणार होते, आणि सुकतीला बायका घमेली घेऊन चिखलात उतरणारच होत्या. वासंतीवैनीची सूनसुद्धा.

*

"देवाचं वाहन हाय ते," मागून एक म्हातारा म्हणाला. "मारायचं नाय."

"मग देवाला सांगा चालत जा म्हणून!" कुणीतरी ओरडलं. "उद्या तुमची नात गेली म्हणजे?"

"अरे, पण तोच फौजदार दाखवून तर आपण जेवतो," तिसरा म्हणाला.

"म्हणून एकच मारायचा," महिपत उठला. "एक मारायचा, बाकीच्या दाखवायच्या. दोन्ही बाजूंनी फायदा. आणि पयली गोळी दर्शनची. मी सुजयभाऊंशी बोललोय. शिकारी मागून. पयला मान पोराचा." तो सगुणेकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला. "सगुणावैनी, ठरावावर पयली सही तुझी. तुझं रक्त पडलंय त्या पाण्यात."

कागद तिच्या मांडीवर आला. पेनही आलं. सगुणा कागदाकडे बघत राहिली. तिचं शिक्षण सातवी. पण रक्त, पाणी, पयला मान, हे सगळं ऐकून तिला एवढं कळलं, की माणसाला ज्याच्यापासून तोंड लपवायचं असतं, त्याला तो आधी गोळी घालतो.

"माझी एक शंका आहे," सुजय मध्येच म्हणाला. "शिकारी चार दिवसांसाठी येणार. मगर त्या चार दिवसांत दिसलीच पाहिजे. परदेशात ते आमिष बांधून आठवडाभर बसतात. इथं ग्यारंटी काय?"

बोटवाल्यांच्या नजरा खांबाशी उभ्या दर्शनकडे गेल्या.

महिपत हसला. धंद्याच्या माणसाला एक खोड असते, मालाची तारीफ निघाली की त्याला राहवत नाही. "ग्यारंटी? अवो, आमचा फौजदार हाकेला येतो. चला घाटावर. दर्शन, डबा आण रे."

"आत्ता?" दर्शन म्हणाला.

"मग कधी? पावण्याला बघू दे."

सगळी सभा चपला शोधत घाटावर उतरली. पोरांना मागे ओढलं गेलं, मोबाईल वर झाले. सगुणा सही न केलेला कागद हातात धरून खाली आली. दर्शन घाटाच्या खालून चौथ्या पायरीवर उभा राहिला. पाणी दुसरीला लागलं होतं. त्याच्या एका हातात तेलाचा डबा होता, दुसऱ्यात पहार. सळईऐवजी त्याने पहार का आणली, हे एकट्या सगुणेच्या लक्षात आलं.

त्याने डब्यावर पहार मारली.

ठण्. ठण्. ठण्. ठण्ठण्.

वासंतीवैनीने सगुणेचा दंड धरला. "अगो," ती कुजबुजली. "आनंदी कशी वाजवायची..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. सगुणेने आजूबाजूला पाहिलं. वाडीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकीला तो आवाज ओळखीचा होता.

पलीकडच्या काठावरून ओंडका निघाला. सरळ रेघेत आला, घाईने नव्हे. घरी जेवायला येणारा माणूस येतो तसा.

"बापरे!" सुजय म्हणाला. "बारा-तेरा फूट. आणि खरंच आवाजाला!"

"बोललो ना मी? ग्यारंटी!" महिपतने टाळी वाजवली.

फौजदार पहिल्या पायरीशी आला आणि थांबला. त्याच्या नाकावर, डोळ्याच्या खाली, कोयतीचे पाच पांढरे ओरखडे होते. सगुणेने ते ओळखले. त्याने जबडा उघडला आणि तसाच ठेवला. पिशवीची वाट बघत.

दर्शनचा चेहरा फिरला. त्याने डबा फेकून दिला, दोन पायऱ्या एकदम उतरला आणि दोन्ही हातांनी पहार त्या उघड्या जबड्यात घातली.

मग घाटावर जे झालं, ते कुणाला नीट सांगता आलं नाही. फौजदाराने जबडा मिटला, पहार दर्शनच्या हातातून हिसकली गेली आणि वळून आली ती महिपतच्या गुडघ्यावर. महिपत आडवा झाला. फौजदाराच्या तोंडातून रक्ताची चिळकांडी दर्शनच्या छातीवर उडाली. त्याच्या शेपटीने घाटाचा जांभा फुटला. डबा त्याच्या जबड्यात सापडला आणि कागदासारखा चुरगळला. बायका किंचाळत पायऱ्या चढत होत्या, सुजय मोबाईलसकट पाण्यात बसला होता आणि त्याला दोघे काखेत धरून ओढत होते. दर्शन मात्र खालीच जात होता. कमरेएवढ्या पाण्यात. हातात काही नव्हतं. नुसत्या मुठींनी तो त्या कवचावर मारत होता, आणि मारताना ओरडत होता, आणि फौजदार अंग फिरवायला मागे सरकत होता. त्या सरकण्याचा अर्थ सगुणेला माहीत होता.

ती पाण्यात उतरली. डाव्या हाताने, त्याच हाताने, तिने दर्शनच्या शर्टाची कॉलर धरली आणि मागे पडली. अंगाच्या सगळ्या वजनानिशी. बँडेजच्या आत टाके एकामागून एक तुटले. जबडा दर्शनच्या पोटापुढे वीतभर अंतरावर मिटला. पाणी उसळलं, लाल झालं. फौजदाराचं का तिचं, कळलं नाही. मग तो मागच्या मागे बुडाला, पाच हातांवर पुन्हा वर आला, आणि तोंडातून रक्त गळत असताना तिथेच थांबला. गेला नाही. अजून पिशवी पडली नव्हती.

"सोड!" दर्शन ओरडला. "सोड काकी! हात जाईल तुझा!"

सगुणेने सोडला नाही. बँडेज लाल होऊन मनगटावरून लोंबत होतं, कॉलर गळ्याला काचत होती, आणि वरच्या पायऱ्यांवर सगळी वाडी उभी होती. कुणी खाली येत नव्हतं, कुणी वर जात नव्हतं.

"यानंच नेली ना आईला!" दर्शन आता रडत होता. लहानपणी रडायचा तसा, तोंड वासून. "तू बघितलंस ना? यानंच नेली. सांग की! सगळ्यांना सांग, यानं नेली!"

सगुणेने त्याला वळवून छातीशी घेतलं. गच्च. पडू नये म्हणून, पळू नये म्हणून. आणि त्याच्या कानात न बोलता, वरच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"नेली नाय रे बाबू. तुझी आय घमेलं वाजवायची, तसाच तू डबा वाजवायचास. तीन सावकाश, दोन भराभर. त्याला काय ठाव? तू वाजवलंस, ह्यांनी पिशव्या बांधल्या, मी त्यावर जेवले. आपण सगळ्यांनी त्याला जेवायला बोलवायला शिकवलं, नि त्या दिवशी तो बोलावलं म्हणून आला."